पाखरांचे तळे राखणारे डॉ. सलीम अली

आपल्या समाजातील कोणत्याही संस्थेचे हिशेबाचे पुस्तक उघडावे, त्यात जीवदया खाते असतेच. पांजरपोळातील जनावरांचा चारा, उन्हाळ्यात पाखरांसाठी टांगलेली पाण्याची भांडी, संक्रांतीला मांज्याने कापल्या गेलेल्या पक्ष्यांचे औषधपाणी असा खर्च त्या खात्यावर पडतो आणि तो करताना देणाऱ्याचा हात आखडत नाही. सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत या खात्याशी नाते सांगणारे एखादे चरित्र असावे असे ठरले, तेव्हा प्रस्तुत लेखकाच्या मनात जे नाव आले ते आपल्या परंपरेतील नव्हे. डॉ. सलीम अली जन्माने सुलेमानी बोहरा, आहाराने मांसाहारी, तारुण्यात हौशी शिकारी आणि पुढे अभ्यासाच्या गरजेपोटी पक्षी टिपणारे. असे असूनही विसाव्या शतकातील भारतात पाखरांचा निवारा वाचविण्यासाठी या एका माणसाने जेवढी खटपट केली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणी केली असेल. ही विसंगती झाकून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही, आणि झाकण्याचे कारणही नाही.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. एका वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. भावंडांच्या मोठ्या परिवारातील या धाकट्या मुलाला मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी गिरगावातील खेतवाडीच्या घरी वाढविले. मामा स्वतः शिकारीचे शौकीन. त्या काळच्या सुखवस्तू घरांत मुलाच्या हाती छऱ्याची बंदूक देणे ही कौतुकाची गोष्ट समजली जाई. अशाच एका बंदुकीने दहा-बारा वर्षांच्या सलीमने एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! अशी चिमणी खाणे धर्माला चालते का, ही मुलाची पहिली शंका. तो ती घेऊन मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे धाडले.

१८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे सचिव तेव्हा मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ होते. दबकत दबकत आत आलेल्या मुलाला त्यांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले आणि एकामागून एक खण उघडून पेंढा भरून जतन केलेले शेकडो पक्षी दाखविले. वाचायला पुस्तके दिली, पक्ष्यांची कातडी कशी टिकवायची तेही शिकविले. मेलेल्या एका चिमणीने एका मुलाचे आयुष्य वळविले, असे पुढे अनेकांनी लिहिले आहे. स्वतः सलीम अलींनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या नावातच त्या चिमणीचे पडणे गोवले. आपल्यासारख्यांना मात्र त्या चिमणीविषयी क्षणभर वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

पुढचा प्रवास सरळ नव्हता. गणिताने महाविद्यालयीन शिक्षण अडविले. ब्रह्मदेशात तवाय येथे भावाचा खाणीचा व इमारती लाकडाचा व्यवसाय होता. तेथे १९१४ मध्ये ते गेले आणि व्यवसायापेक्षा भोवतालच्या जंगलातच अधिक रमले. १९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर दावर्स कॉलेजात हिशेब व व्यापारी कायदा शिकत असतानाच सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लाटर यांनी त्यांचा खरा कल ओळखला आणि प्राणिशास्त्राच्या वर्गात बसविले. १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला. ब्रह्मदेशातील व्यवसाय बुडाला. पदवी नसल्याने सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. अखेर १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. ती करताना आपले ज्ञान अपुरे आहे हे जाणवताच त्यांनी रजा घेतली आणि बर्लिनला जाऊन प्राध्यापक स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो काय, पैशाअभावी म्युझियमने ती जागाच रद्द केली होती.

पदरी नोकरी नाही, शिक्षण असे की ज्याला बाजारात कोणी विचारत नाही. पतिपत्नी अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात जाऊन राहिली. या सक्तीच्या विश्रांतीने त्यांच्या आयुष्यातील पहिले मोठे संशोधन घडविले. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. त्या पावसाळ्यात तासन् तास बसून ते एकेका घरट्याची नोंद करीत राहिले. आपल्या लोकपरंपरेने खोपा विणण्याचे श्रेय सुगरणीच्या मादीला दिलेले आहे. पक्ष्याचे नावही स्त्रीलिंगी. प्रत्यक्षात विणकर असतो तो नर. तो खोपा अर्धा विणून ठेवतो, माद्या येऊन तो पारखतात, एखादीला पसंत पडला की ती तेथे संसार थाटते; मग नर तो खोपा पुरा करून दुसरा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. सुगरणीच्या संसाराचा हा उलगडा किहीमच्या त्या निरीक्षणांतून जगापुढे आला. त्यासाठी एकही पक्षी मारावा लागला नव्हता. कपाटातील कातड्यापेक्षा जिवंत पक्षी, तो काय खातो, कोठे राहतो, कोणत्या झाडावाचून त्याचे अडते, याकडे त्यांचे लक्ष वळले होते.

नोकरी मिळत नव्हती, म्हणून त्यांनी एक वेगळी युक्ती काढली. संस्थानिकांनी केवळ प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च सोसावा, आपण विनावेतन त्यांच्या संस्थानातील पक्ष्यांची पाहणी करून देऊ, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. हैदराबाद संस्थानाने तो प्रथम स्वीकारला. आजचा आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. पुढे त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी ही भ्रमंती चालू राहिली. तंबूत मुक्काम, मिळेल ते वाहन, पहाटेपूर्वी उठणे, रात्री कंदिलाच्या उजेडात नोंदी लिहिणे. या सर्व काळात तेहमिना सोबत होत्या. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. त्यानंतर सलीम अली मुंबईत पाली हिलवर बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी राहिले. पुन्हा विवाह केला नाही. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. इंग्रजी असले तरी शाळकरी मुलालाही समजेल असे. या देशात दुर्बीण घेऊन हिंडणारी जी पिढी पुढे तयार झाली, तिच्या पिशवीत हे पुस्तक असेच.

पाहणीसाठी त्यांनी पुष्कळ पक्षी मारले, हे येथे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. पक्ष्याची जात निश्चित करण्यास नमुना हाती हवा, अशी त्या काळच्या शास्त्राची रीत होती आणि ती त्यांना आवश्यक वाटे. मौजेखातर होणारी हत्या त्यांना नापसंत होती, पण शास्त्रासाठी केलेल्या हत्येचे समर्थन त्यांनी कधी लपविले नाही. आपल्या दृष्टीने हिंसा ती हिंसाच. तिला हेतूने सूट मिळत नाही. तरीही माणसाच्या आयुष्याचा हिशेब मांडताना दुसरी बाजूही लिहावी लागते.

ही दुसरी बाजू पाहायची तर राजस्थानात भरतपूरला जावे लागेल. शहराला लागून सुमारे २९ चौरस किलोमीटरचा सखल प्रदेश आहे, त्याला केवलादेव घना म्हणतात. केवलादेव म्हणजे तेथील महादेवाचे देऊळ आणि घना म्हणजे दाट झाडी. पावसाळ्यात गंभीरी आणि बाणगंगा या नद्यांचे पाणी अजान बांधातून तेथे सोडीत. पाण्याबरोबर माशांची पिल्ले येत, पाणवनस्पती वाढत, बाभळींवर चित्रबलाक, बगळे, पाणकावळे यांची हजारो घरटी लागत. आणि हिवाळा सुरू होताच उत्तरेकडून बदकांचे थवे उतरत. भरतपूरच्या महाराजांनी बांध घालून, पाण्याची आखणी करून या जागेला बदकांच्या शिकारीचे राखीव तळे बनविले होते. व्हाइसरॉय आणि राजेरजवाडे तेथे पाहुणे म्हणून येत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा तेथे दगडावर कोरून ठेवलेला आहे. योगायोग असा की, त्याच दिवशी सलीम अलींच्या वयाला बेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती.

संस्थाने विलीन झाल्यावर या तळ्यापुढे वेगळेच संकट उभे राहिले. भोवतालच्या शेतकऱ्यांना जमीन हवी होती, पाणी हवे होते. राजेसाहेबांच्या बदकांसाठी अडविलेले पाणी आमच्या शेतांना का मिळू नये, हा प्रश्न स्वतंत्र भारतात अयोग्य म्हणता येणार नव्हता. पाणी काढून टाकून जमीन नांगराखाली आणावी अशी मागणी जोर धरू लागली. बंदुकीने एका दिवसात चार हजार पक्षी मारले तरी पुढच्या हिवाळ्यात थवे पुन्हा येत होते. पण तळे आटविले की येणाऱ्या पाखराला उतरायला जागाच उरणार नव्हती. सलीम अलींनी हे नेमके ओळखले. त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंपर्यंत हा विषय नेला आणि आपले सारे वजन खर्ची घालून ते तळे वाचविले. १९५० च्या दशकात घनाला पक्षी अभयारण्याचे रूप आले. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र लगेच संपला नाही. शेवटची मोठी शिकार १९६४ मध्ये झाली आणि हक्क १९७२ मध्ये संपुष्टात आला. तळे राखी तो पाणी चाखी, अशी आपल्याकडे म्हण आहे. या राखणदाराने पाणी पाखरांसाठीच ठेवले.

याच भरतपूरला त्यांनी आणखी एक काम उभे केले. पक्षी कोठून येतात आणि कोठे जातात, हे कळण्यासाठी त्यांना पकडून पायात धातूचे हलके वाळे घालायचे, त्यावर क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीचे नाव कोरायचे व सोडून द्यायचे. १९५९ च्या सुमारास सोसायटीने हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. पक्ष्याला इजा न करता पकडणार कोण? त्यासाठी बिहारमधील मीरशिकार समाजातील माणसे आणली गेली. पिढ्यान् पिढ्या पाखरे पकडून विकणे हाच त्यांचा धंदा. बांबूच्या काड्या, घोड्याच्या शेपटीचे केस, सुती जाळी एवढ्या सामग्रीवर ते कोणताही पक्षी अलगद धरीत. तेच हात आता पाखराला वाळे घालून आकाशात सोडू लागले. भरतपूरला वाळे घातलेली बदके पुढे हिमालयापलीकडे, मध्य आशियात आणि सायबेरियात सापडल्याच्या नोंदी आल्या. राजस्थानातील एका तळ्याचे पाणी आटले तर त्याचा चटका हजारो कोस दूर पोहोचतो, याचा पुरावा त्या वाळ्यांनी दिला.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा वाचकांनी द्यावी. लहानपणी पर्युषणाच्या दिवसांत आजी आम्हा नातवंडांना घेऊन बाजारात जाई आणि पिंजऱ्यातील मुनिया विकत घेऊन आमच्या हातांनी सोडून देई. ओंजळीतून पाखरू उडते तेव्हा जो आनंद होतो तो शब्दांत सांगता येत नाही. एका वर्षी आजीने विक्रेत्याला सहज विचारले, पुढच्या वर्षी एवढी पाखरे मिळतील ना? तो म्हणाला, सणाआधी सांगा, हवी तेवढी धरून आणतो. आजी त्या दिवशी घरी येईपर्यंत काही बोलली नाही. पुढच्या वर्षापासून ते पैसे तिने पांजरपोळाला दिले. सोडण्यासाठी घेतलेल्या प्रत्येक पाखरामागे आणखी पाखरे जाळ्यात येतात आणि वाटेतच कितीतरी मरतात, हे आता सर्वमान्य झाले आहे. १९९० च्या सुमारास देशी रानपक्ष्यांचा व्यापार कायद्याने बंद झाला, तरी सणासुदीला तो चोरून चालतोच. पिंजरा उघडण्याचे पुण्य हाताला लगेच कळते. तळे, माळ, झाडी राखण्याचे काम कोणाच्या ओंजळीत मावत नाही, म्हणून ते राहून जाते.

सलीम अलींचे उत्तरायुष्य या मोठ्या कामात गेले. अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह १९६४ ते १९७४ या दहा वर्षांत त्यांनी भारत व शेजारील देशांतील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ पुरा केला. राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाची निवड व्हावी असा त्यांचा आग्रह होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. माळढोक हा आपल्या सोलापूर-नगरच्या गवताळ माळांचा पक्षी. त्याच्यासाठी नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये झाले, तरी आज सोलापुरात तो जवळजवळ दिसेनासाच झाला आहे. गवताळ माळाला आपण पडीक जमीन म्हणतो, त्याची ही किंमत. केरळातील सायलेंट व्हॅलीत वीजप्रकल्पासाठी धरण बांधण्याचे घाटत होते, तेव्हा सिंहपुच्छ वानरांचे ते घनदाट अरण्य वाचावे म्हणून झगडणाऱ्यांमध्ये ऐंशी ओलांडलेले सलीम अलीही होते. पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः पक्षिप्रेमी आणि त्यांच्या पुस्तकाच्या वाचक. त्यांचा शब्द तेथे ऐकला जाई. प्रकल्प बारगळला आणि १९८४ मध्ये ते अरण्य राष्ट्रीय उद्यान झाले.

स्वभावाने ते मुलायम नव्हते. वेळेचे कडक, खर्चाला काटेकोर, ढिसाळ नोंद पाहिली की समोरच्याची गय न करणारे. घोरणाऱ्या सोबत्याचा तर त्यांना विलक्षण तिटकारा. मोटारसायकलची मात्र फार हौस. १९५० मध्ये स्वीडनमधील पक्षितज्ज्ञांच्या परिषदेला जाताना त्यांनी आपली मोटारसायकल बोटीने युरोपात नेली होती. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण असे सन्मान मिळाले. पॉल गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी सोसायटीच्या निसर्गरक्षण निधीला दिली.

भरतपूरच्या कथेला मात्र एक दुःखद प्रकरण आहे. घना १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याच वर्षी आत गुरे चारण्यास बंदी आली. चराई बंद व्हावी हे मत सलीम अलींचेही होते. पिढ्यान् पिढ्या म्हशी आत नेणाऱ्या गावकऱ्यांसाठी आधी चाऱ्याची पर्यायी सोय झाली नव्हती. ते जमले, पोलिसांनी गोळीबार केला, काही गावकरी प्राणास मुकले. पाखरांच्या रक्षणासाठी माणसे मारली गेली. ज्या दयाधर्मात आपण वाढलो, त्याला हा हिशेब कोणत्याच बाजूने जुळविता येत नाही. पुढे जे घडले ते तर अधिक विचार करायला लावणारे. खुद्द सलीम अलींच्या सोसायटीने तेथे दहा वर्षे अभ्यास केला, आणि १९९० च्या सुमारास निष्कर्ष निघाला की चराई थांबल्याने पाण्यातील गवत बेसुमार माजले, उघडे पाणी कमी झाले आणि अनेक पाणपक्ष्यांची संख्या घटली. म्हशी ते गवत खाऊन नकळत तळे मोकळे ठेवीत होत्या. गुरे हा पाखरांचा शत्रू, ही समजूत चुकीची ठरली. हे त्यांच्याच संस्थेने, त्यांच्याच शिस्तीने केलेल्या नोंदींतून सिद्ध केले आणि प्रसिद्धही केले. या निष्कर्षावर सलीम अलींनी काय म्हटले असते कोण जाणे; तो ऐकण्यास ते हयात नव्हते.

१९८५ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. त्याच वर्षी घनाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. २० जून १९८७ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षात, मुंबईत त्यांचे निधन झाले. गोव्यात मांडवीच्या पात्रातील चोडण बेटावरील खारफुटीचे अभयारण्य आणि कोइमतूरची पक्षिसंशोधन संस्था यांना त्यांचे नाव देण्यात आले.

घनाला हिवाळ्यात येणारे सायबेरियन क्रौंच २००२ नंतर तेथे दिसलेले नाहीत. गंभीरीवरील पांचना धरणाचे पाणी वरच्या शेतकऱ्यांना की खालच्या तळ्याला, हा वाद या शतकाच्या आरंभी पेटला. नंतर नळाने व कालव्याने दुसरीकडून पाणी आणावे लागले. उद्यानात मोटारींना मज्जाव असल्याने पाहुण्यांना सायकलरिक्षातून नेतात. ते रिक्षावाले आसपासच्याच वस्त्यांतील; त्यांना पक्षी ओळखण्याचे शिक्षण दिले गेले आहे. पाहुण्याची दुर्बीण डोळ्याला लागण्यापूर्वीच ते बाभळीवरील चित्रबलाकाचे घरटे बोटाने दाखवितात, जातीचे नाव सांगतात आणि शिकारीचे आकडे कोरलेल्या त्या दगडांपाशी क्षणभर रिक्षा थांबवितात.